गोष्ट मागणारी

शहरजाद सगळ्यांना माहीत असते. रोज एका मुलीशी लग्न करायचं आणि सकाळी तिचा जीव घ्यायचा, अशा शहरयार बादशहाला तिनं हजार रात्री गोष्टी सांगून कसं थोपवलं, हे पुस्तक न वाचलेलाही सांगतो. पण त्या महालात तिसरं माणूस होतं. शहरजादची धाकटी बहीण, दिनारजाद. वजिराच्या या दोन मुलींनी आधीच ठरवून ठेवलेलं, की धाकटीनं रात्रीच जागं होऊन म्हणायचं, ताई, झोप लागली नसेल तर एखादी गोष्ट सांग. बादशहा गोष्ट मागत नाही. तो फक्त परवानगी देतो. मागते ती ही पोरगी. पहिल्या रात्री तिला डुलकी लागली असती तर पुस्तक तिथंच संपलं असतं, आणि थोरलीही.

लहानपणी मला ही दिनारजाद दिसलीच नव्हती. दिसले ते राक्षस, रुखपक्ष्याचं अंडं, हिऱ्यांची दरी, 'तिळा उघड' म्हटल्यावर सरकणारा खडक. साठी जवळ आल्यावर अरबी सुरस कथा पुन्हा वाचायला घेतल्या, तर पहिल्या काही पानांतच नजर तिच्यावर अडकली. मी घरातली धाकटी आहे, हे कारण पुरेसं असावं.

आमचं घर मुरुमचं. सोलापूर–हैदराबाद हायवे सोडून आत आलं की लागणारं हे उमरगा तालुक्यातलं गाव. थोडं पुढं गेलं की कर्नाटक. गल्लीत कानडी, घरात मराठी आणि आज्जांच्या कागदांत उर्दू. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा होता आणि शाळेत शिकवलं जाई ते बहुतेक उर्दूतून. आज्जा हिशेब उर्दूत लिहायचे, देवाचं मराठीत म्हणायचे आणि बैलांना शिव्या कानडीत घालायचे. त्यांच्या ट्रंकेत पुठ्ठा निघालेलं एक 'अलिफ लैला' होतं. उजवीकडून डावीकडं बोट सरकवत ते मनात एक पान वाचायचे, पुस्तक मांडीवर उपडं ठेवायचे आणि मग मराठीत सांगायला लागायचे. उन्हाळ्यात आम्ही सगळी माळवदावर झोपायचो. अंथरुणं टाकून झाली की आज्जांची एकच अट असे : ऐकणाऱ्यानं हूं म्हणायचं.

"हूं म्हन की गं. मी काय भिताडाला सांगालोय व्हय?"

एक हूं चुकला तर ते थांबायचे. दोन चुकले तर कूस बदलायचे. आक्का, माझी थोरली बहीण, लवकर पेंगायची, म्हणून हूं म्हणायचं काम माझ्याकडं आलं. मग आक्काला वाचता यायला लागलं, शाळेच्या पेटीतून तिनं मराठी पुस्तक आणलं, आणि सांगणारी ती झाली. मी होते तिथंच राहिले.

त्या गोष्टींमधली एक मला सालासकट आठवते, कारण ते बहात्तरच्या दुष्काळाचं साल होतं. अमेरिकेतून आलेला मिलो, तो लाल जोंधळा, त्याची भाकरी कुणाच्या घशाखाली उतरत नव्हती. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची. अशा दिवसांत आज्जांनी बर्मकीच्या मेजवानीची गोष्ट काढली. उपाशी भिकारी एका बड्या घरात शिरतो. मालक त्याला आदरानं बसवतो, नोकरांना हाका मारतो, आणि मोकळ्या ताटांकडं बोट दाखवून म्हणतो, घ्या, संकोच करू नका, ही रोटी बघा किती पांढरी, हे बदक बघा. ताटात काहीच नसतं. भिकारी क्षणभर चकतो आणि मग तोही चावायला लागतो, बोटं चाटतो, वाहवा करतो. आम्ही पोरं पोट धरून हसलो होतो. खाली अंगणात बसलेली आई हसली नव्हती. आता वाचताना माझं लक्ष भिकाऱ्याकडंच जातं. खोटी दारू चढल्याचं सोंग करून तो शेवटी मालकाला एक सणसणीत ठेवून देतो, आणि मालक खूश होऊन खरं जेवण वाढतो. आम्हाला ती चेष्टा वाटली होती. त्या थोबाडीत किती दिवसांची भूक होती, हे कळायला दुष्काळ स्वतःच्या घराचा हिशेब म्हणून बघावा लागतो.

मराठीत हे पुस्तक दोनदा मोठ्या ताकदीनं आलं. पहिल्यांदा एकोणिसाव्या शतकात, कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या हातून. अपुरं राहिलेलं काम त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री आणि इतरांनी पुढं नेलं. 'सुरस आणि चमत्कारिक' ही जोडी मराठीच्या जिभेवर बसली ती तिथून. ते गद्य आजही वाचवतं, कारण शास्त्रीबोवांनी बगदादच्या माणसांना घरातल्यासारखं बोलायला लावलं. त्यांचा वाचक सोवळा होता हेही जाणवतं. पडदे बरेच आहेत. ते पडदे काढले गौरी देशपांडे यांनी. रिचर्ड बर्टनचे १८८५ ते १८८८ या काळात इंग्रजीत छापलेले सोळा खंड त्यांनी सत्तरच्या दशकात सोळा खंडांतच मराठीत आणले. बर्टन कंपनी सरकारच्या फौजेत अधिकारी म्हणून मुंबईला आला होता आणि इथल्या भाषांबरोबर मराठीही शिकला होता. त्याचं पुस्तक त्याच्या काळात खाजगी वर्गणीदारांपुरतं छापलं गेलं, इतकं ते उघडंवाघडं. ते मराठीत आणायला महर्षी कर्व्यांची नात, इरावतीबाईंची मुलगी पुढं आली, याची मला गंमत वाटते. आणि थोडा अभिमानही. मात्र बर्टनमध्ये काळ्या गुलामांबद्दल जे लिहिलेलं आहे ते वाचताना पान पटापट उलटावंसं वाटतं. ते उलटू नये. वाचावं, आणि राग यावा.

मी यंदा दोन्ही शेजारी ठेवून वाचलं. सगळं नाही, सोळा खंड सलग वाचणाऱ्याला बादशहाइतकाच रिकामा वेळ हवा.

सिंदबादनं मला पहिला धक्का दिला. लहानपणी तो माझा हिरो. त्याच्या सात सफरींची सुरुवात मात्र मी कधी धड वाचलीच नव्हती. तिथं एक हमाल आहे. उन्हात ओझं वाहून दमलेला तो एका हवेलीबाहेरच्या दगडी ओट्यावर टेकतो आणि स्वतःशीच बडबडतो, की देवा, आतला तो तुझाच आणि मीही तुझाच, मग असं का? आतून बोलावणं येतं. सिंदबाद त्याला जेवू घालतो, एक सफर सांगतो, शंभर मोहरा देतो आणि उद्या ये म्हणतो. सात दिवस. ऐकायचे पैसे मिळालेला हा जगातला पहिला माणूस असावा. काही पाठांत या हमालाचं नाव हिंदबाद, काहींत तोही सिंदबादच. भुसार आडतीवर तुरीची पोती पाठीवर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारी माणसं मी रोज बघत आले. पोतं उतरवून त्यांच्यातला एखादा आडत्याच्या गादीवर जाऊन बसला आणि शेठजींनी त्याला आपल्या कष्टांची कहाणी ऐकवली, असं चित्र डोळ्यांपुढं आणलं की मला सिंदबादचं सगळं बोलणं निराळंच ऐकू यायला लागतं. माझी श्रीमंती फुकटची नाही, हे तो हमालाला पटवतोय. आणि ते पटावं म्हणून पैसे देतोय.

त्यात चौथी सफर. त्या देशात नवरा-बायकोतलं एक मेलं की दुसऱ्याला जिवंतपणी त्याच विहिरीसारख्या भुयारात सोडायची रीत. सिंदबादची बायको मरते, त्याला सात भाकरी आणि पाण्याचा तांब्या देऊन खाली सोडतात. शिदोरी संपते. मग वरून नवं प्रेत आणि त्याच्यासोबत जिवंत माणूस आलं, की हा अंधारात हाड उचलतो, त्या माणसाच्या डोक्यात घालतो आणि त्याची शिदोरी घेतो. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. पहिली एक नुकतीच विधवा झालेली बाई असते. हे सगळं तो हमालाला जेवणाच्या दस्तरखानावर बसून सांगतो. हमाल काय म्हणाला, ते पुस्तकात नाही. शंभर मोहरा घेऊन तो घरी गेला.

आक्काला मी फोनवर हे सांगितलं. ती लग्न होऊन गुलबर्ग्याला गेली त्याला जमाना झाला. नातवंडं कानडीतच बोलतात.

"मला ठाव हाय ते," ती म्हणाली. "आज्जा सांगताना ते गाळायचे."

"मग तू मला का नाही सांगितलंस?"

"तू भित्री. आनि मधीच झोपायचीस. तू झोपलीस की मी पुस्तक मिटायची. एकटीला काय वाचायचं?"

मी कधीच झोपत नव्हते असं माझं ठाम म्हणणं आहे. पण वाचता येणारी मुलगी ऐकणारं नसलं की पुस्तक मिटायची, हे मला नवीन होतं. आपल्या वेताळपंचविशीत उलट आहे : तिथं राजा विक्रमानं गप्प राहायचं, तोंड उघडलं की वेताळ पुन्हा झाडावर. दिनारजादचं तोंड उघडलं तरच इथं पुढचं चालतं.

आज्जांनी गाळलेली आणखी एक गोष्ट मला या वाचनात सापडली, आणि ती सिंदबादपेक्षा जड आहे. कोळ्याच्या गोष्टीतली. कोळ्याच्या जाळ्यात तांब्याची घागर येते, तिच्यावर सुलेमान बादशहाची मोहोर, आतून धुरासारखा जिन निघतो आणि म्हणतो, तुला मारणार. इथपर्यंत सगळ्यांना पाठ. पुढं जिन कोळ्याला चार टेकड्यांमधल्या एका तळ्यावर नेतो. त्यात चार रंगांचे मासे. पांढरे, तांबडे, निळे, पिवळे. कोळी चार पकडतो, सुलतानाच्या मुदपाकखान्यात देतो. बटकीनं ते कढईत टाकले की भिंत फाटते, एक सुंदर बाई येते आणि माशांना विचारते, दिलेला शब्द पाळता ना? मासे कढईतून डोकी वर काढून म्हणतात, पाळतो. बाई कढई उलथी करून भिंतीत निघून जाते. मासे जळून कोळसा. वजिराला खात्री करायची असते, म्हणून दुसऱ्यांदा मासे येतात, आणि मग सुलतानाला पाहायचं असतं म्हणून तिसऱ्यांदा.

मग उलगडा. ते तळं म्हणजे एक शहर होतं. तिथला तरुण राजा कमरेखाली दगड होऊन महालात बसलेला. त्याच्या जादूगार राणीनं सूड म्हणून शहराचं तळं आणि रयतेचे मासे केले. आज्जा एवढंच सांगायचे. बर्टनमध्ये, म्हणून गौरीबाईंच्या मराठीतही, पुढं एक वाक्य आहे : त्या शहरात चार धर्मांचे लोक राहत होते. मुसलमान पांढरे झाले, अग्निपूजक तांबडे, ख्रिस्ती निळे, यहुदी पिवळे.

आज्जांच्या उर्दू पुस्तकात हे नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी ते वाचलं, पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं आणि नुसते रंग सांगितले. का, याचा मी अंदाजच करू शकते. चाळीसच्या उंबऱ्यावर असताना त्यांनी १९४८ पाहिलं होतं. आमच्याकडं दर १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन होतो. मी शाळेत शिकवत होते तोवर झेंडावंदनानंतर रझाकारांनी काय केलं ते मुलांना सांगत आले. लातूरला वकिली केलेला त्यांचा म्होरक्या कासिम रझवी, त्याच्या टोळ्या, लुटलेली गावं, पोलादी गज हातात घेऊन रात्र रात्र दिलेले पहारे. ते सांगायलाच हवं. पण निजामाचं संस्थान भारतात आणणाऱ्या १३ ते १७ सप्टेंबरच्या त्या पोलीस ॲक्शननंतर जे घडलं ते कुणी मुलांना सांगत नाही. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती त्या वर्षाच्या अखेरीस इकडं फिरून गेली. त्यांच्या अंदाजानं संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान. सगळ्यांत जास्त पोळलेले म्हणून त्यांनी जे चार जिल्हे लिहिले त्यांत उस्मानाबाद आहे, म्हणजे आजचं आमचं धाराशिव. गुलबर्गाही आहे. तो अहवाल कित्येक दशकं दप्तरात पडून राहिला. एका बाजूची गोष्ट व्यासपीठावरून आणि दुसऱ्या बाजूची कुजबुजत, अशी या मुलखाची तेव्हापासूनची रीत. आज्जा दोन्ही बाजूंचं जाणून होते आणि माळवदावर निजलेल्या नातवंडांना त्यांनी फक्त चार रंग दिले. मी त्यांना दोष देत नाही. मी असते तर मलाही तेच सुचलं असतं का, याचं उत्तर माझ्याकडं नाही.

पण गोष्टीचा शेवट मला आता सहन होत नाही. सुलतान जादूगारणीला फसवतो, ती पाणी शिंपडून मंत्र म्हणते, तळ्याचं पुन्हा शहर होतं, बाजार भरतो, लोक आपापल्या कामाला लागतात. राजा मोकळा. कोळ्याच्या दोन्ही मुली दोन राजांना दिल्या जातात, मुलगा खजिनदार होतो. सगळं ठीक. आणि कढईतले? तीनदा चार चार, बारा मासे. ते त्या शहरातलेच होते ना? दिलेला शब्द पाळतो म्हणाले आणि जळाले. शहर उठून उभं राहिलं तेव्हा बारा घरांत कुणी परत आलं नसणार. सुलतान विचारत नाही, दगडातून सुटलेला राजा विचारत नाही. कोळी तर नाहीच विचारत, त्याच्या पोरींची लग्नं आहेत. शहरजादही सांगत नाही. मला वाटतं, हे दिनारजादनं विचारायला हवं होतं. ती फक्त म्हणते, किती सुंदर गोष्ट आहे ताई. मागणाऱ्याचं कामही अर्धवट होऊ शकतं, ते असं.

एवढं म्हणून लगेच तिची बाजूही घ्यावीशी वाटते. विसाव्या शतकात शिकागोच्या नबिया ॲबट या विदुषीला इजिप्तमधून आलेल्या जुन्या कागदांत एक चिटोरा सापडला. या पुस्तकाचा आज ठाऊक असलेला सगळ्यांत जुना पुरावा तो. नवव्या शतकातला. कुणा माणसानं नंतर त्या रद्दीवर दस्ताच्या मसुद्याची गिरवागिरव केली आणि तारीख टाकली, तिचा मेळ इसवी सन ८७९ शी बसतो. पुस्तकाचं नाव आणि मोजक्या ओळी एवढंच त्यावर शिल्लक आहे. त्या ओळींत जिन नाही, बादशहा नाही, एकही गोष्ट नाही. धाकटी थोरलीला म्हणतेय, झोपली नसशील तर कबूल केलेली गोष्ट सांग. हजारो पानांतून उरलं ते मागणं.

आणि सांगणारे कितीतरी तसेच गळाले. अल्लादीन आणि अलीबाबा या दोन गोष्टी जुन्या अरबी पोथ्यांत सापडत नाहीत. अँत्वान गालाँ नावाच्या फ्रेंच पंडितानं १७०४ पासून हे पुस्तक युरोपात पहिल्यांदा आणलं; हाताशी असलेली पोथी संपली, वाचक तर आणखी मागत होते. १७०९ साली पॅरिसमध्ये त्याला अलेप्पोचा हन्ना दियाब भेटला, विशीतला, कामाच्या आशेनं आलेला. त्यानं तोंडी सांगितलं, गालाँनं टिपून घेतलं. गालाँच्या रोजनिशीत दियाब आहे, छापील पुस्तकात त्याचं नाव नाही. दियाब घरी परतला आणि अलेप्पोत कापड विकत राहिला. अलीबाबाच्या गोष्टीत सगळी अक्कल मर्जिना या दासीची आहे : दारांवर खडूच्या खुणा करणारी ती, उकळतं तेल ओतणारी ती, नाचता नाचता सरदाराच्या छातीत खंजीर घालणारी ती. नाव मात्र अलीबाबाचं लागलं. ती गोष्ट सांगताना दियाबला काय वाटलं असेल असा विचार मनात येतो खरा. पण तेव्हा त्याला कुठं माहीत होतं की त्याचंही तसंच होणार आहे.

मर्जिनाला बक्षीस म्हणून काय मिळतं? सुटका, आणि मालकाच्याच घरात लग्न. कोळ्याच्या मुलींनाही लग्नच. या पुस्तकाकडं बायकांना द्यायला दुसरं काही नाही. बर्टनच्या शेवटात दिनारजादचंही तेच होतं. हजार रात्री उलटल्यावर शहरयारला पश्चात्ताप होतो, शहरजादच्या मुलांना तो जवळ घेतो, आणि मग त्याचा धाकटा भाऊ शाहजमान येतो. त्यानंही आपल्या राज्यात तेच चालवलेलं असतं, रोज एक मुलगी. त्याला कुणी गोष्ट सांगितलेली नाही. त्याच्याशी दिनारजादचं लग्न लावून देतात. दोघी बहिणींना सात सात पोशाख चढवून मिरवतात, त्यांची ताटातूट नको म्हणून दोघं भाऊ एकाच ठिकाणी राहून आळीपाळीनं राज्य करायचं ठरवतात. मोठा सोहळा आहे, पानंच्या पानं.

मी ते आक्काला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरं झालं की, दोघी एकाच घरात राहिल्या. तिचं म्हणणं तिच्या जागी बरोबर असेल, गुलबर्गा–मुरुम एस.टी.ची वाट बघण्यात तिची हयात गेली. मला ते लग्न मान्य नाही. गालाँच्या पुस्तकात हा सोहळा नाही. तिथं बादशहा शहरजादला माफी देतो आणि पुस्तक संपतं. या एका बाबतीत मी गालाँची आहे.